कानाझावाला परत परत जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत असल्यामुळे माझं जपानला जाणं होतं. गेलं की दोन-चार दिवस काढून मी कानाझावा गाठतेच. नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, जूनअखेर आणि डिसेंबर अशा पाच खेपा झाल्या. दर खेपेनंतर नातेवाईक, शेजारी, ट्रेकच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

कानाझावा आहे कुठे? आणि ते समुद्रकाठचं कसं?

होन्शू बेटाच्या पश्चिम अंगाला, जपानच्या समुद्राकाठी. इशिकावा प्रांताची ही राजधानी, वस्ती साडेचार लाखांवर. टोकियो आहे त्या पूर्व किनाऱ्याच्या बरोबर पाठीमागची बाजू.

जुनं गाव मात्र अगदी काठावर नाही. साई आणि आसानो या दोन नद्यांच्या मध्ये, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत वसलं आहे. त्यामुळे बाग, किल्ला, चहाघरांची गल्ली पाहून समुद्र न बघताच परतणारे पुष्कळ भेटतात. तरी या गावातली प्रत्येक गोष्ट समुद्राच्या हुकमाने चालते. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा गार वारा सुटतो. वाटेत समुद्रातल्या उबदार त्सुशिमा प्रवाहावरून येताना तो बाष्प पिऊन जड होतो, हाकुसानच्या डोंगरांना धडकतो आणि सगळं ओझं इथेच टाकतो. आपल्याकडे सह्याद्री जे काम जून ते सप्टेंबर करतो, तेच काम २,७०२ मीटर उंचीचा हाकुसान आणि त्याचे भाऊबंद डिसेंबर ते फेब्रुवारी करतात. मी रत्नागिरीकडची. मला हे पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं.

जपानमध्ये बघण्यासारखं इतकं असताना परत तिथेच का?

कारण हे गाव हवामानाला धरून बांधलेलं आहे आणि ते एका खेपेत कळत नाही. केनरोकुएन बागेत कारासाकी नावाचा एक पाइन आहे. नोव्हेंबरात मी त्याच्यावर, बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून, दोऱ्या चढताना पाहिल्या, फेब्रुवारीत त्या दोऱ्यांवर बर्फ पाहिला, एप्रिलमध्ये तोच वृक्ष मोकळा, आणि जूनअखेर पावसात त्याच्या पसरलेल्या फांद्यांवरून पाणी ठिबकताना. झाड तेच, तळ्याचा काठ तोच, पण दर वेळी मागच्या वेळचं काहीतरी उलगडायचं. उघड्या फांद्या पाहिल्यावर कळलं की दोऱ्या तेवढ्याच ठिकाणी का बांधतात. बर्फ पाहिला तेव्हा कळलं की त्या इतक्या का लागतात.

सारखा पाऊस असतो म्हणतात, खरं का?

खरं. तिथे म्हणच आहे: जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. एवढ्या आकड्याला मुंबईकर घाबरायचा नाही, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे बारा महिन्यांत वाटलेला असतो. सगळ्यात जास्त पडतो डिसेंबर-जानेवारीत. सकाळी लख्ख ऊन, अकराला सर, बाराला पुन्हा ऊन, तीनला गारा, असा दिवस मी स्वतः काढला आहे. पहिल्या खेपेला दुकानातून घेतलेली स्वस्तातली पारदर्शक छत्री आसानो नदीच्या पुलावर वाऱ्याने उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या मोडल्या. तेव्हापासून घरून दणकट छत्री नेते.

कानाझावाच्या रेल्वे स्टेशनवर भलंमोठं काचेचं छप्पर आहे. येणाऱ्या पाहुण्यावर छत्री धरावी, अशी त्यामागची कल्पना. गावाचा स्वभाव त्यातच कळतो.

या ओलाव्याने गावाला धंदाही दिला. जपानमधला जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे ९९ टक्के सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो. वर्ख ठोकून ठोकून मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्शाइतका पातळ करतात. कोरड्या हवेत तो चिकटतो, फाटतो, स्थिर विजेने उडतो. दमट हवेत कारागिराला त्याला हाताळता येतं. हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या भागात मी एका बाईंना हे काम करताना पाहिलं. बांबूच्या चिमट्याने त्यांनी वर्खाचा कागदाहून कितीतरी हलका पापुद्रा उचलला आणि सुरकुती घालवायला त्यावर हलकीशी फुंकर मारली. फुंकर इतकी मोजून मारलेली, की वर्ख सपाट झाला पण जागचा हलला नाही. बाहेर तेव्हा पावसाची झड लागली होती.

आयुष्यात एकदाच जमणार असेल तर कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मेपल लाल झालेले असतात, दोऱ्या बांधायचं काम चालू असतं, खेकड्यांचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो आणि थंडी सोसण्याजोगी असते. चेरीच्या फुलांचा हट्ट असेल तर एप्रिलचा पहिला आठवडा धरा. पण फुलं चार दिवस अलीकडे-पलीकडे होतात, आणि आपली विमानाची तिकिटं काही होत नाहीत.

त्या झाडांना दोऱ्या बांधतात ते नक्की काय असतं?

युकित्सुरी. इथला बर्फ ओला आणि जड. पाइनच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवर तो साठला तर फांदी कडकन मोडते. म्हणून झाडापेक्षा उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या खाली सोडून एकेक फांदी टांगून धरतात. काम दरवर्षी १ नोव्हेंबरला कारासाकी पाइनपासून सुरू होतं आणि बाकीची झाडं होईतो डिसेंबर उजाडतो. मार्चच्या मध्यापासून दोऱ्या सोडायला लागतात. एकट्या कारासाकीला पाच खांब आणि सुमारे ८०० दोऱ्या लागतात. क्योटोजवळच्या बिवा तळ्याकाठी कारासाकी म्हणून जागा आहे, तिथून आणलेल्या बियांपासून इथे राज्य करणाऱ्या माएदा घराण्यातल्या तेराव्या सरदाराने हे झाड वाढवलं, म्हणून हे नाव.

काम चाललेलं असताना तासभर तिथे थांबा, असं मी सगळ्यांना सांगते. एक माळी खांबाच्या टोकाशी, बाकीचे शिडीवर आणि खाली. वरचा दोरी मोकळी करून फेकतो, ती हवेत उलगडत येते. खालचा ती झेलतो, फांदीला वळसा घालतो, हाताने ताण बघतो, पुन्हा थोडी सैल करतो, मग गाठ मारतो. ताण कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर झाडाचा आकार बिघडतो. नव्या पेंढ्याचा वास सगळीकडे दरवळत असतो. आमच्याकडे भात झोडल्यावर खळ्यात येतो, अगदी तोच.

नागामाची या सामुरायांच्या जुन्या वस्तीत मातीच्या भिंती आहेत. डिसेंबरात त्यांनाही पेंढ्याच्या चटया लावतात, म्हणजे बर्फाच्या ओलीने माती पोपडून पडू नये. कोकणात पावसाआधी पडवीला झापं बांधतात ना, तसंच. त्या गल्लीतून जाताना मला आजोळचं घर आठवलं.

फेब्रुवारीत बर्फात जाणं शहाणपणाचं आहे का? फार गारठा असतो का?

जानेवारीचं सरासरी तापमान चार अंशांच्या आसपास असतं. म्हणजे हिमालयासारखी थंडी नाही, पण ओली, हाडात शिरणारी. बर्फ रोज असेलच असंही नाही. कधी नुसता चिखलराडा, तर कधी २०१८ च्या फेब्रुवारीसारखा ८७ सेंटिमीटरचा थर. मी गेले त्या खेपेला दोन दिवस पाऊसच होता. तिसऱ्या पहाटे जाग आली ती आवाज थांबला म्हणून. पडदा सारला तर समोरची कौलं पांढरी.

जाणार असाल तर बूट जलरोधक घ्या, घोट्याच्या वरपर्यंतचे. फक्त बर्फासाठी नाही. तिथल्या अनेक रस्त्यांच्या मधोमध जमिनीतलं पाणी उडवणारी छोटी कारंजी बसवलेली असतात. बर्फ पडू लागला की ती सुरू होतात आणि पाण्याने बर्फ वितळतो. गाड्यांना रस्ता मोकळा मिळतो आणि पायी चालणाऱ्याचे मोजे भिजतात! माझे पहिल्याच चौकात भिजले.

हिवाळ्यात विजा चमकतात, हे काय प्रकरण आहे?

जपानच्या शहरांत वर्षाकाठी गडगडाटाचे सर्वांत जास्त दिवस कानाझावात भरतात, आणि त्यांतले बरेचसे डिसेंबर-जानेवारीत. बर्फ पडतोय आणि वर ढग गडगडतोय, हे ऐकून पहिल्यांदा मी दचकले. तिथल्या लोकांनी या गडगडाटाला बुरी-ओकोशी म्हटलं आहे, म्हणजे बुरी माशाला उठवणारा. हा गडगडाट झाला की बुरी किनाऱ्याकडे येतो, असा कोळ्यांचा अनुभव.

बुरीची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हा मासा वाढेल तसं त्याचं नाव बदलतं. कानाझावात लहानपणी कोझोकुरा, मग फुकुरागी, मग गांदो आणि पुरता वाढला की बुरी. म्हणून लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला तिच्या सासरी अख्खा बुरी पाठवायची रीत आहे. जावयाचीही अशीच चढती होवो, ही भावना. आपल्या दिवाळसणाची आठवण येईल असं हे देणंघेणं.

वसंतात केनरोकुएनला फार गर्दी असते का?

असते. चेरी फुलली की बाग आठवडाभर मोफत खुली ठेवतात, संध्याकाळी दिवे लावतात आणि सगळं गाव लोटतं. एरवी मोठ्यांना ३२० येन तिकीट होतं. गर्दी टाळायची तर एक वाट आहे. तिकिटाची वेळ सुरू होण्याआधी पहाटे ठराविक दारांतून मोफत आत सोडतात, फक्त नेहमीची वेळ होण्याआधी बाहेर पडायचं. या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आदल्या दिवशी विचारून ठेवा. मी एप्रिलमध्ये उजाडताना गेले. तळ्याकाठच्या दोन पायांच्या दगडी दिव्याजवळ एरवी फोटोसाठी रांग लागते, तिथे माझ्याशिवाय एक आजोबा आणि त्यांचं दुर्बिणीने पाखरं बघणं, एवढंच होतं. त्या दिव्याचा एक पाय आखूड आहे, तो पाण्याबाहेर दगडावर टेकतो आणि लांब पाय पाण्यात.

बागेतलं पाणीही पाहण्यासारखं आहे. १६३१ मध्ये गावाला मोठी आग लागली. पुढच्याच वर्षी साई नदीचं पाणी वरच्या अंगाने कालवा खोदून किल्ल्यापर्यंत आणलं. त्याच पाण्यावर आजही बाग पोसली जाते. खाली एक कारंजं आहे, जपानमधलं सर्वांत जुनं म्हणतात. त्याला पंप नाही. वरच्या तळ्याच्या उंचीच्या दाबावरच ते साडेतीन मीटरपर्यंत उडतं.

जून-जुलैत पावसाळा असतो, मग जाऊ नये ना?

जावं. मी जूनअखेर गेले ते याच प्रश्नाला कंटाळून. गर्दी कमी, शेवाळं हिरवंगार, सगळे दगड धुतलेले. डी. टी. सुझुकी संग्रहालय पावसातच बघावं. झेन विचार इंग्रजीतून जगभर पोचवणारे सुझुकी १८७० मध्ये याच गावात जन्मले. २०११ मध्ये उघडलेल्या या इमारतीत वस्तू थोड्या, आणि मधोमध उथळ पाण्याचा मोठा चौक. त्या पाण्यावर पावसाचे थेंब पडताना मी दीड तास बसून होते, कोणी उठवलं नाही.

शिवाय जूनमधल्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास ह्याकुमानगोकू उत्सव असतो. १५८३ मध्ये माएदा तोशिइए कानाझावाच्या किल्ल्यात आला, त्याची आठवण. ह्याकुमानगोकू म्हणजे दहा लाख कोकू. एक माणूस वर्षभर खाईल इतका, सुमारे १५० किलो तांदूळ म्हणजे एक कोकू. दहा लाख कोकूंचं उत्पन्न दुसऱ्या कुठल्याच सरदाराकडे नव्हतं, आणि माएदांनी तो पैसा हस्तकलांवर ओतला. हा उत्सव माझा अजून राहिलाय.

१ जुलैला गावभर हिमुरो मांजू खातात, आत गोड लाल बिया वाटून घातलेले मऊ उकडीचे गोळे. त्यामागे जुनी रीत आहे. हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यात पेंढा घालून साठवायचा आणि भर उन्हाळ्यात काढून एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, शोगुनाला नजराणा म्हणून पाठवायचा. गावापासून जवळच्या युवाकू ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी, अजूनही जानेवारीअखेर बर्फ भरतात आणि ३० जूनला कोठार उघडतात. फेब्रुवारीत जो बर्फ मोज्यांत शिरला होता, त्याच्याच पाठीची ही गोष्ट, आणि ती जुलैच्या घामात ऐकायला मिळाली.

ऑगस्ट?

उकाडा आणि दमटपणा. मुंबईच्या ऑक्टोबरसारखं. लहान मुलांच्या सुट्टीसाठी जायचंच असेल तर समुद्राचे दिवस जास्त ठेवा.

मासे खाणाऱ्यांनी कधी जावं?

कधीही, पण काय मागायचं ते ठाऊक हवं. ओमिचो हा तीनशे वर्षं जुना बाजार. ६ नोव्हेंबरला बर्फ-खेकड्यांची मासेमारी खुली होते. नराला इथे कानोगानी म्हणतात, त्याच्या नांगीला निळी खूण लावलेली असते. किंमत बघून मी मागे सरले. मादी म्हणजे कोबाको. आकाराने लहान, किमतीला बरी, आणि तिचा हंगाम २९ डिसेंबरपर्यंतच. मला विचाराल तर खरी चव तिचीच. बाजारातल्या मावशींनी माझ्यासमोर एक फोडली. पोटाखाली बाहेरून चिकटलेली तपकिरी, दातांखाली कुरकुरणारी अंडी, आणि कवचाच्या आत नारिंगी लाख, म्हणजे आतली अंडी. आमच्याकडे भरलेली कुर्ली हाताला जड लागते तशी त्यांनी ती आधी तळहातावर तोलून पाहिली होती. भाषा कळत नव्हती, पण त्या तोलण्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

डिसेंबर-जानेवारीत बुरी, उन्हाळ्यात नोतो द्वीपकल्पाकडचे मोठे शिंपले, आणि नोदोगुरो नावाचा तेलकट, काळ्या घशाचा मासा. तो भाजलेलाच खा.

शाकाहारी माणसाचं काय?

कठीण आहे, हे आधीच सांगते. भाजी दिसली तरी रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या माशांचा असतो. कानाझावा करी नावाने मिळणारी दाट काळपट करी आपल्याला बोलावते, पण तिच्यात मांस असतं. इथल्या पारंपरिक कागा भाज्या मात्र सुरेख आहेत. चिकट कमळकंद, गोरोजिमाचं रताळं, पानाची पाठ जांभळी असलेली किंजिसो. ‘मासे नको, माशांचा रस्साही नको’ हे जपानीत कागदावर लिहून न्या, नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन बाजारातून भाजी आणली तर सगळ्यांत बरं. माझी बहीण सोबत होती तेव्हा आम्ही कुकर नेला होता.

आणि समुद्र बघायला कुठे जायचं?

स्टेशनवरून बसने कानाइवा किंवा ओनोला. ओनोत चारशे वर्षांपासून सोया सॉस करतात, गल्लीत शिरताच त्याचा वास येतो. कानाइवा हे झेनिया गोहेइचं गाव. उत्तरेकडून कोंबू, म्हणजे खाण्याचं समुद्रशेवाळ, आणणाऱ्या गलबतांच्या व्यापारात तो अफाट श्रीमंत झाला आणि १८५२ मध्ये तुरुंगात वारला. सूर्य इथे आपल्यासारखाच समुद्रात बुडतो. डिसेंबरात तोच समुद्र शिसवी रंगाचा होतो, लाटांचा फेस वाऱ्याने उडून अंगावर येतो आणि दहा मिनिटांवर उभं राहवत नाही. ती दहा मिनिटं चुकवू नका.

भूकंपानंतर जाणं योग्य आहे का?

१ जानेवारी २०२४ चा ७.६ तीव्रतेचा भूकंप नोतो द्वीपकल्पात झाला. कानाझावातही किल्ल्याच्या दगडी भिंती ढासळल्या, पण बहुतेक ठिकाणं लवकरच खुली झाली. नोतोतल्या वाजिमाचा सकाळचा बाजार मात्र आगीत गेला, आणि सप्टेंबरात अतिवृष्टीने पुन्हा तडाखा दिला. मार्च २०२४ मध्ये वाजिमाच्या विक्रेत्यांनी कानाइवा बंदरात येऊन आपला बाजार मांडला होता. तुम्ही गेलात तर वाजिमाची लाखेची एक वाटी, एक चमचा, काहीतरी घ्या. मी चॉपस्टिकची जोडी आणली, रोज वापरते.

कसं जायचं आणि किती दिवस ठेवायचे?

टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सर्वांत वेगवान गाडीला अडीच तास, एका बाजूचं भाडं साधारण १४ हजार येन. हा मार्ग १४ मार्च २०१५ ला सुरू झाला. १६ मार्च २०२४ पासून तो त्सुरुगापर्यंत वाढला, त्यामुळे क्योटो-ओसाकाहून येताना आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. टोकियोहून येताना डावीकडची खिडकी घ्या, आभाळ साफ असेल तर तातेयामाचे डोंगर दिसतात. हिवाळ्यात टोकियोत लख्ख ऊन सोडून निघावं आणि बोगद्यांपलीकडे एकदम पांढरं जग यावं, हाही प्रवासाचाच भाग. तीन रात्री ठेवा. एक दिवस पाऊस नेतो, दुसरा तुम्ही त्याच जागा उन्हात बघण्यात घालवता.

पुढची खेप कधी?

एप्रिलअखेर. केनरोकुएनमध्ये किकुझाकुरा नावाची चेरी आहे, सगळ्या चेऱ्या झडल्यावर फुलणारी. एकेका फुलाला तीनशेच्या वर पाकळ्या. कळी गडद तांबडी, मग रंग दिवसेंदिवस फिका होत जातो, आणि शेवटी पाकळ्या न विखुरता अख्खं फूल देठासकट गळतं. माझ्या एप्रिलच्या खेपेला तिच्या नुसत्या बंद कळ्या पाहून परतले होते.